टेबलाच्या अलीकडचा जबाब

दलित आत्मकथनांनी मराठी साहित्याला जी दृश्ये दिली त्यांत सरकारी कचेरीचे दृश्य पुन्हा पुन्हा येते. दाराशी चपला काढून उभा राहिलेला बाप, त्याच्या हातातला चुरगळलेला अर्ज आणि टेबलामागे मान वर न करणारा भाऊसाहेब. हे दृश्य खरे आहे. ज्यांनी ते लिहिले त्यांच्या अंगावर ते घडले होते. त्याच्या खरेपणाविषयी माझी तक्रार नाही. माझी तक्रार आहे ती ते दृश्य पाहणाऱ्या डोळ्याच्या जागेविषयी. दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८ साली आले, त्याला आता चार तपांच्या आसपास होत आली. या काळात टेबलामागची खुर्ची रिकामी राहिली नाही. राखीव जागांवर, स्पर्धा परीक्षा देऊन, रात्री दिव्याखाली पाठांतर करून आमचीच मुले त्या खुर्चीवर जाऊन बसली. मग त्या खुर्चीवरून दिसणारे जग आमच्या साहित्यात का येत नाही? आलेच तर ओझरते का येते?

हा प्रश्न मी तटस्थ समीक्षक म्हणून विचारीत नाही. अध्यापनात येण्यापूर्वी नाशिक जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या तहसील कचेरीत मी चार वर्षे लिपिक होतो. शाखा संगायो. कचेरीबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, संजय गांधी निराधार अनुदान योजना. आमच्या घराण्यात माझ्याआधी कोणी पदवीपर्यंत पोहोचले नव्हते. नोकरी लागली तेव्हा आईने वस्तीत साखर वाटली.

ही योजना १९८० साली, बॅ. अंतुले मुख्यमंत्री असताना सुरू झाली. विधवा, परित्यक्ता, अपंग, दुर्धर रोगाने अंथरुणाला खिळलेले, अनाथ मुले, देवदासी, असे तिचे लाभार्थी. पासष्ट वर्षे ओलांडली की माणूस श्रावणबाळ योजनेत जातो. मी नोकरीत होतो तेव्हा एकट्या लाभार्थ्याला महिना ६०० रुपये मिळत. २०१९ साली त्याचे १,००० झाले आणि २०२३ साली १,५००. अर्ज आला की कारकुनाने छाननी करायची, त्रुटी काढायच्या, तलाठ्याचा अहवाल आणि जबाब जोडायचा, टिपणी ठेवायची. मंजुरी तालुक्याची समिती देते. तिचा अध्यक्ष अशासकीय, म्हणजे राजकीय माणूस, आणि तहसीलदार सचिव. कागदोपत्री कारकुनाला कसलाच अधिकार नाही. प्रत्यक्षात, समितीपुढे कोणते माणूस कसे दिसणार हे त्याच्या चार ओळींच्या शेऱ्यावर ठरते.

योजनेतली एक अट साहित्याच्या अभ्यासकाने मुद्दाम पाहण्यासारखी आहे. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत हवे. म्हणजे दिवसाला साडेसत्तावन्न रुपये. द्राक्षबागेत तीनशे रुपये रोजाने जाणारी बाई सत्तर दिवस कामाला गेली की ही मर्यादा गाठते. उरलेले दोनशे पंच्याण्णव दिवस तिने खायचे काय, हे अट सांगत नाही. तेव्हा अर्जदार खोटे बोलते, तलाठी ते खोटे लिहून घेतो, तहसीलदाराचा शिक्का त्याला खरे करतो आणि त्या दाखल्यावर विश्वास ठेवण्याचा पगार कारकुनाला मिळतो. उत्पन्नाचा दाखला हा महाराष्ट्रात सर्वांत जास्त खपणारा ललित वाङ्मयप्रकार आहे असे मी गमतीने म्हणत असे. सहकारी हसत. त्यांपैकी निम्म्या जणांच्या आया कधी ना कधी त्याच प्रकारच्या लेखिका होत्या.

आता जबाबाकडे येतो, कारण माझा मुख्य मुद्दा तिथे आहे. पेठ-सुरगाण्याकडची किंवा सिन्नरच्या दुष्काळी पट्ट्यातली एखादी म्हातारी समोर बसते. तिला विचारावे, नवरा कधी वारला? ती सांगते, बहात्तरच्या दुष्काळात तो खडी फोडायला होता, तिथून खोकला लागला, मग थोरलीचे लग्न झाले, मग ज्या साली नदीने मळई नेली त्या साली गेला. या सांगण्यात काळ आहे, कार्यकारणभाव आहे, अर्थव्यवस्था आहे. मी लिहीत असे: ‘अर्जदार हिचे पती दीर्घ आजाराने मयत असून तिला उदरनिर्वाहाचे कोणतेही साधन नाही. सबब ती निराधार आहे.’ वय विचारावे तर आधार कार्डावर १ जानेवारी. निम्मा तालुका १ जानेवारीला जन्मलेला. देशातले पहिले आधार कार्ड २०१० साली आमच्याच महसूल विभागातल्या, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावी दिले गेले. निराधार ठरण्यासाठी आधी आधार दाखवावा लागतो, ही भाषेची थट्टा आम्हा कारकुनांच्या लक्षात पहिल्याच आठवड्यात येते आणि दुसऱ्या आठवड्यात तिचे हसू येईनासे होते.

जबाब आणि आत्मकथन ही सख्खी भावंडे आहेत असे माझे मत आहे. दोन्हींत माणूस आपले आयुष्य सांगतो. दोन्हींत ते सांगणे एका मागणीसाठी असते. ‘बलुतं’ची मांडणी आठवावी. तिथे दगडू मारुती पवार सांगतो आणि दया पवार ऐकतो. सांगणारा आणि लेखणी धरणारा एकाच देहात राहतात, पण एकाच पंगतीत बसत नाहीत. समीक्षकांनी या मांडणीचा विचार दुभंगलेपण म्हणून केला आणि ते योग्यच आहे. मला मात्र ती मांडणी वाचताना दर वेळी कचेरी दिसते. लेखणी ज्याच्या हाती आहे तो पांढरपेशा झाला आहे, आणि ज्याचे लिहायचे तो टेबलापलीकडे उभा आहे. दया पवारांचे मोठेपण हे की त्यांनी लेखणी धरणाऱ्यालाही आरोपीच्या जागी उभे केले. त्यांच्यानंतरच्या पुष्कळ लेखनात दगडू उरला आणि हा ऐकणारा, पगार घेणारा, अवघडलेला माणूस मात्र पानांतून नाहीसा झाला.

याला इतिहास आहे. राज्यसत्तेचा शेवटचा हात होणे आम्हांला नवीन नाही. महार वतनात सरकारी टपाल नेणे, खजिना पोहोचवणे, चावडीवर माणसे बोलावून आणणे हीच कामे होती. शंकरराव खरातांच्या ‘तराळ-अंतराळ’मध्ये (१९८१) बापाची तराळकी आहे. बेबीताई कांबळ्यांच्या ‘जिणं आमुचं’मध्ये (१९८६) येसकराच्या काठीचे जे वर्णन येते त्यात त्या काठीचा मान आणि त्या मानातली लाचारी एकाच वेळी दिसते. बाईने ते निर्दयपणे पाहिले आहे, आणि आपल्या माणसांविषयीच्या मायेने पाहिले आहे. वतनाच्या या पाशातून सुटका व्हावी म्हणून बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडले. वतने गेली ती १९५८ च्या कायद्याने, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर. येसकराच्या काठीवर ज्या धैर्याने लिहिले गेले त्या धैर्याने माझ्या कचेरीतल्या रबरी शिक्क्यावर कोणी लिहिले आहे काय? मी तरी लिहिले आहे काय?

म्हणून आता माझा जबाब.

आईची एक मावसबहीण होती. आम्ही तिला जिजी म्हणायचो. मी बारावीला असताना परीक्षेच्या फीसाठी तिने आपली डोरली मोडली होती. ती विधवा झाली आणि दोन वर्षांनी अर्ज घेऊन आमच्या शाखेत आली. रांगेत उभी राहिली, पुढे घुसली नाही. कागद सगळे होते. अडचण एकच, तिला सत्तावीस वर्षांचा मुलगा होता. त्या वेळच्या नियमात मुलगा पंचवीस वर्षांचा झाला की आई निराधार राहत नसे. हा मुलगा भिवंडीला गेला होता आणि चार वर्षांत घरी फिरकला नव्हता. अशा वेळी काय करायचे हे प्रत्येक कारकुनाला ठाऊक असते. मुलाचा रकाना कोरा ठेवायचा. मी आवाज खाली आणून तिला म्हणालो, “जिजी, त्याचं नाव नको लिहायला.”

ती म्हणाली, “का? मेला का तो?”

“मेला नाही गं. पण तो तुला बघत नाही ना.”

“बघत नाही ते माझं न् त्याचं. जित्या ल्योकाला कागदावर मारू नको, भाऊ.”

मी मुलाचे नाव लिहिले. वय २७ लिहिले. शेरा लिहिला: ‘सज्ञान मुलगा असल्याने अपात्र.’ समितीने अर्ज फेटाळला. पत्र द्यायला मी स्वतः गेलो. तिने ते उलटसुलट पाहिले आणि म्हणाली, “तू लिवलंय ना? मंग खरंच लिवलं आसंल.”

ही हकीकत मी बऱ्याच ठिकाणी सांगितली आहे. विद्यार्थ्यांना सांगितली, मित्रांना सांगितली. ऐकणाऱ्याचे डोळे भरतात, जिजीचा स्वाभिमान मोठा होतो आणि त्या मोठेपणाच्या सावलीत मी सुखरूप सुटतो. जे मी कधी सांगितले नाही ते असे: त्याच आठवड्यात दुसऱ्या एका अर्जात मी मुलाचा रकाना कोरा ठेवला होता. त्या माणसाचे दोन मुलगे गावातच होते, एकाचा ट्रॅक्टर होता. समितीतल्या एकाचा निरोप आला होता. पैसे मी घेतले नाहीत. चहा घेतला. जिजीचा अर्ज पुन्हा पुढे रेटता आला असता, तलाठ्याचा फेरचौकशी अहवाल मागवता आला असता, मुलगा सांभाळीत नाही असा पंचनामा करता आला असता. त्याला दोन फेऱ्या आणि एक भांडण लागले असते. मी प्रोबेशनवर होतो आणि भांडायला भीत होतो.

या प्रसंगात खलनायक कोण? आमच्या विद्रोही साहित्याला प्रस्थापित शत्रू लागतो आणि तो होताच. काळाराम मंदिराच्या दारावर १९३० साली सत्याग्रह झाला तेव्हा दार कोणी बंद केले आहे हे नाशिकातल्या प्रत्येक पोराला कळत होते. संगायोच्या टेबलावर ते कळत नाही. अट मंत्रालयात ठरते, निरोप पुढाऱ्याकडून येतो, अक्षर माझे असते. नकाराची आपली जी वाङ्मयीन भाषा आहे, तिच्यात या तिसऱ्या घटकासाठी शब्द घडलेला नाही. बाबूराव बागुलांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’मधला नोकरदार जात लपवितो आणि मार खातो. तिथे प्रश्न जगण्याचा आहे, आणि वाचक निःशंकपणे त्याच्या बाजूला उभा राहतो. माझ्यासारख्याच्या बाजूला वाचकाने का उभे राहावे? त्याने राहू नये. पण त्याने पाहावे तरी.

याला दोन आक्षेप येतील. पहिला असा की हा मध्यमवर्गीय दलिताच्या अपराधभावनेचा लाड आहे, आणि ज्या काळात अजूनही वस्त्या जाळल्या जातात त्या काळात कारकुनाच्या मनाची चिरफाड कशाला? दुसरा अधिक गंभीर आहे. आमच्या माणसाच्या चुका आम्हीच चव्हाट्यावर मांडल्या तर राखीव जागांचे विरोधक त्या उचलतील. दुसऱ्या आक्षेपापुढे मी बराच काळ गप्प बसलो. पण माझ्या शेजारच्या टेबलावर इतर जातींचे कारकून हेच करीत होते आणि त्यांच्या चुकांचे खापर कोणी त्यांच्या जातीवर फोडीत नव्हते. विरोधकाच्या भीतीने आपण आपले निम्मे आयुष्य लिहायचे टाळले तर आपल्या साहित्याचा संपादक तोच झाला. पहिल्या आक्षेपाला मी जिजीचे उदाहरण देईन. ती काही माझ्या मनाचा लाड नाही. तिचे महिना सहाशे रुपये गेले.

काफ्का हा लेखक १९०८ ते १९२२ प्रागमधल्या कामगार अपघात विमा संस्थेत नोकरीला होता. ‘किल्ला’ ही त्याची कादंबरी मृत्यूनंतर १९२६ साली आली. तिचा नायक मोजणीदार आहे आणि तो कचेरीच्या आत कधी पोहोचतच नाही. म्हणजे टेबलाच्या अलीकडे बसून या माणसानेही मुख्यतः पलीकडच्या माणसाचेच लिहिले. तेव्हा ही उणीव आपलीच आहे असे नाही. पण त्याच्या टेबलापलीकडे त्याची मावशी उभी नव्हती. आमच्या उभी असते. हा अनुभव आमच्यापाशी आहे आणि तो दुसरे कोणी लिहिणार नाही.

संविधानाच्या ४१ व्या अनुच्छेदात वार्धक्य, आजार, अपंगत्व, बेकारी यांत सार्वजनिक साहाय्य मिळण्याचा हक्क असा शब्द आहे. योजनेच्या नावात मात्र अनुदान आहे आणि तालुक्याच्या बोलीत तो ‘डोल’ झाला आहे. हक्कापासून डोलापर्यंत शब्द कसा घसरत आला याचा शोध समाजशास्त्रज्ञ घेतील तेव्हा घेतील. ज्याने दोन्ही शब्द रोज वापरले तो कारकून हे आत्ता सांगू शकतो.

माझ्या वर्गात या वर्षी सहा मुले तलाठी परीक्षेची तयारी करीत आहेत. दोघी मुली सिन्नर तालुक्यातल्या आहेत, त्यांच्या आज्या श्रावणबाळच्या यादीत आहेत. त्यांना मी जबाब लिहायला शिकवतो, कारण तो नीट लिहिला तर एखादीचे पैसे वाचतात. मागच्या महिन्यात त्यांतल्या एकीने विचारले, “सर, मुलगा बघत नसेल तर रकान्यात काय लिहायचं?” मी तिला फेरचौकशीची, पंचनाम्याची सगळी रीत सांगितली. जिजीचे सांगितले नाही. जिजी तीन वर्षांपूर्वी वारली. मुलगा माती द्यायला आला होता.