टिळकांच्या घरातला बाप

मराठी वाङ्मयात आईला तोटा नाही. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिली, त्याला आता नव्वदांहून अधिक वर्षे झाली. तरी शाळेच्या कपाटातले हेच पुस्तक हाताळून हाताळून सर्वांत आधी फाटते. बाप मात्र आपल्या पुस्तकांतून बहुधा ओसरीवरच बसलेला असतो. तो कमावतो, रागावतो, कर्ज काढतो आणि एके दिवशी मरतो. मुलाच्या मनात देव कुठून आला हे सांगताना आपण आईकडे किंवा आजीकडे बोट दाखवतो. बापाने त्या बाबतीत काय केले, हे कोणी फारसे विचारीत नाही.

ज्या एका मराठी पुस्तकात हा प्रश्न पानोपानी उभा राहतो ते पुस्तक म्हणजे लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे'. १९३४ पासून १९३६ पर्यंत ती भागाभागांनी प्रसिद्ध झाली. त्यांतल्या विनोदाबद्दल, साध्या बोलीबद्दल, लक्ष्मीबाईंच्या धीटपणाबद्दल आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे आणि ते योग्यच आहे. परंतु ह्या पुस्तकाकडे एका बापाची कहाणी म्हणून पाहण्याची वेळ आता आली आहे असे मला वाटते. वाचकहो, दिवाळीच्या फराळाबरोबर हा विषय जरा जड वाटेल. पण घरोघरी बाप आहेत, तेव्हा तो सर्वांच्याच ओळखीचा आहे.

आधी ख्रिस्ती घर बापाकडून काय मागते ते पाहू. आमच्या बाजूला ही घरे परकी नाहीत. रॉयल वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी १८५२ साली कोल्हापुरात आले, मिरजेचे डॉ. वानलेस यांचे काम १८९४ पासूनचे. ह्या घरांतून वाचल्या जाणाऱ्या शास्त्रात बापावर मोठा भार टाकला आहे. अनुवाद नावाच्या पुस्तकात त्याला सांगितले आहे की घरी बसताना, वाटेने चालताना, निजताना, उठताना मुलांशी देवाच्या आज्ञांविषयी बोलत जा. प्रेषितांच्या कृत्यांत फिलिप्पै येथील बंदिशाळेचा नायक विश्वास ठेवतो आणि त्याच रात्री त्याच्या साऱ्या घराचा बाप्तिस्मा होतो. म्हणजे बाप वळला की घर वळले, असा एक हिशेब तिथे दिसतो. पण पौलाने त्या हिशेबाला लगेच लगामही घातला आहे. इफिसकरांस आणि कलस्सैकरांस लिहिताना तो मुलांना आज्ञा पाळायला सांगतो आणि तिथेच बापांना बजावतो की मुलांना चिडीस आणू नका, नाहीतर ती खचून जातील. अधिकार आणि लगाम एका श्वासात आले आहेत. ह्या दोहोंमध्ये उभे राहणे हेच ख्रिस्ती बापाचे खरे अवघड काम.

नारायण वामन टिळकांच्या वाट्याला ते फारच कठीण रूपात आले. १८९३ साली आगगाडीत एका अनोळखी युरोपियन गृहस्थाने त्यांच्या हाती नवा करार ठेवला. पुढे १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. फिलिप्पैच्या नायकाप्रमाणे त्यांच्यामागून घर आले नाही. घर मागे राहिले. तरुण पत्नी आणि लहानगा दत्तू आप्तांच्या आसऱ्याला होती. कधी नाशिककडे, कधी पंढरपुरात. हे वेगळेपण चार वर्षांहून अधिक टिकले.

ह्या वर्षांचे वर्णन वाचताना प्रत्येक वेळी मी थांबतो. टिळकांचा विश्वास कितीही खरा असला तरी दत्तूच्या दृष्टीने काय घडले? बाप नाहीसा झाला, आई रडू लागली आणि नातेवाईक कुजबुजू लागले. मुलाला कळण्याजोगे एवढेच होते. मोठ्या माणसाचा आत्मा जागा होतो तेव्हा त्याची किंमत घरातल्या लहान माणसालाही द्यावी लागते, आणि त्याला कोणी विचारलेले नसते. 'फुलामुलांचे कवी' म्हणून महाराष्ट्र ज्यांना ओळखतो त्यांच्याच मुलावर ही पाळी आली, हे लक्ष्मीबाईंनी लपवलेले नाही.

तथापि टिळकांनी पुढे जे केले, त्याहून जे केले नाही, त्यात त्यांचे बापपण दिसते. १८६६ च्या कायद्याने ख्रिस्ती झालेल्या माणसाला, जोडीदार नांदायला येत नसेल तर, विवाहबंधनातून मोकळे होण्याची वाट होती. टिळक त्या वाटेने गेले नाहीत. त्यांनी वाट पाहिली. लूकच्या शुभवर्तमानात उधळ्या मुलाची गोष्ट आहे. तिच्यातला बाप मुलाला ओढून आणायला जात नाही, पण मुलगा दूर असतानाच त्याला पाहतो आणि धावत सुटतो. टिळकांच्या बाबतीत सोडून गेलेला बापच होता आणि वाट पाहणाराही तोच. ही उलटापालट लक्षात ठेवून 'स्मृतिचित्रे' वाचली म्हणजे तिच्यातल्या हसण्याखाली केवढा ताण आहे ते कळते.

लक्ष्मीबाई शेवटी नगरला आल्या त्या नवऱ्याकडे, धर्माकडे नव्हे. त्यांचे सोवळे सुटले तेही टिळकांच्या उपदेशाने सुटले नाही. त्यांचे वडील नाना गोखले हे सोवळ्याच्या वेडाने साऱ्या घराला हैराण करणारे गृहस्थ. अशा घरात वाढलेल्या ह्या बाईने जात देवाने केली की माणसाने, असा विचार स्वतःशीच केला, स्वतःच उत्तर काढले आणि मग कोणाच्याही हातचे पाणी घेतले. १९०० साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. नानांचा धर्म घरावर पाण्यासारखा शिंपडला जात होता. टिळकांच्या घरात ज्याने त्याने आपल्या पायांनी विहिरीपर्यंत जायचे होते. पुस्तकाच्या आरंभी नाना आणि पुढे टिळक, असे दोन बाप लेखिकेने आपल्यासमोर ठेवले आहेत. तुलना मात्र तिने वाचकावर सोडली आहे. ही ह्या लेखनाची मोठी ताकद.

आता आक्षेप. 'स्मृतिचित्रे'चे बहुतेक वाचक टिळकांना विसराळू, तापट पण देवमाणूस समजून हसतात आणि सोडून देतात. हे वाचन मला पटत नाही. घरखर्चाचे पैसे जो वाटेत भेटलेल्या गरजवंताच्या हाती ठेवतो, तो दानशूर खरा. परंतु त्या दानाचा निम्मा वाटा चुलीपाशी बसलेल्या बाईचा असतो आणि तिचे नाव दात्यांच्या यादीत लागत नाही. दुष्काळात अनाथ मुले टिळकांनी घरी आणली. त्यांना न्हाऊमाखू कोणी घातले? १९१७ साली मिशनचा पगार सोडून टिळक ख्रिस्ती संन्यासी झाले, साताऱ्यास गेले, 'देवाचा दरबार' मांडला. आयुष्यात दुसऱ्यांदा घर त्यांच्या हाकेपुढे दुय्यम ठरले. दरबारात बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले एकत्र बसावेत हे त्यांचे स्वप्न फार मोठे होते, पण घराचा तोल राखला लक्ष्मीबाईंनी. बापाची आध्यात्मिक जबाबदारी जगाला देव वाटून पुरी होत नाही. घरात मीठ आहे की नाही हेही त्या जबाबदारीतच येते. लक्ष्मीबाई ही तक्रार उघड करीत नाहीत, विनोद करतात; पण तो विनोद म्हणजे जमाखर्चाची वहीच आहे, जरा हलक्या हाताने लिहिलेली.

येथे मला आमच्या हुपरीची गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. आमचे गाव चांदीचे. पैंजण, घुंगरू, साखळ्या ह्यांवर घरेच्या घरे चालतात आणि माझ्या वर्गातली कितीतरी मुले शाळा सुटली की बापाशेजारी कामाला बसतात. चांदी आटवणारा माणूस मुशीपासून हलत नाही. जाळ कमी पडला तर मळ निघत नाही. मूस सोडून उठले तर माल हातचा जातो. जुन्या कराराच्या शेवटच्या पुस्तकात, मलाखीत, देवाची उपमा ह्याच कामाशी दिली आहे: तो चांदी शुद्ध करणाऱ्यासारखा बसेल. त्यातला 'बसेल' हा शब्द हुपरीकराला लगेच कळतो. आणि त्याच पुस्तकाचा शेवट बाप आणि मुले ह्यांच्यावर होतो. तिथे आधी बापांची मने मुलांकडे वळायची आहेत, मुलांची बापांकडे त्यानंतर. हा क्रम मला फार अर्थपूर्ण वाटतो. टिळक मुशीपाशी सतत बसले नाहीत, हा त्यांच्यावरचा आक्षेप. मन मात्र वळलेले होते, ही त्यांची बाजू.

त्या वळलेल्या मनाचा पुरावा पोटच्या मुलाबाहेरही सापडतो. त्र्यंबक बापूजी ठोमरे, म्हणजे आपले बालकवी, नगरला टिळकांच्या घरी राहिले. घरात प्रार्थना चाले, भजने चालत. एका तरुण ब्राह्मण कवीला आपल्या धर्मात ओढणे टिळकांसारख्या वक्त्याला अशक्य नव्हते. बालकवी हिंदू राहिले. ५ मे १९१८ रोजी भादली स्थानकाजवळ आगगाडीखाली त्यांचा अकाली अंत झाला तोवर ते हिंदूच होते आणि टिळकांच्या घरचे होते. पाहुण्याच्या मनावर दडपण न आणणारा बाप आपल्या मुलांवर ते सहसा आणत नाही.

अखेर बापाची परीक्षा त्याच्यामागे होते. ९ मे १९१९ रोजी टिळक मुंबईत वारले. त्यांचे 'ख्रिस्तायन' अर्धेसुद्धा झाले नव्हते. आरंभीचे दहा-अकरा अध्यायच लिहून झाले होते. पुढची साठांहून अधिक अध्यायांची मजल लक्ष्मीबाईंनी मारली. त्यांचे शिक्षण म्हणजे नवऱ्याने घरी शिकवले तेवढेच. २४ फेब्रुवारी १९३६ ला त्याही गेल्या आणि शेवटचा अध्याय देवदत्ताने लिहिला. हाच तो दत्तू, ज्याला न विचारता बाप निघून गेला होता. त्याच्या मनात कडवटपणा राहिला असता तरी कोणी त्याला दोष दिला नसता. त्याने आईला आठवणी लिहायला लावल्या, वडिलांची कविता सांभाळली आणि १९६० साली पंडिता रमाबाईंचे चरित्रही लिहिले.

मला 'स्मृतिचित्रे'मधला सर्वांत मोठा पुरावा हाच वाटतो. नवऱ्याच्या फजितीवर बायको छापील पुस्तकात मनमोकळे हसते आणि ते पुस्तक व्हावे म्हणून मुलगाच आईच्या पाठीस लागतो. नाना गोखल्यांच्या घरात असे पुस्तक लिहिले गेले नसते. तिथे भीती होती. टिळकांच्या घरात उणिवा पुष्कळ होत्या, पण बापाविषयी खरे बोलायला कोणी घाबरत नव्हते. विश्वास मुलाच्या गळी उतरवता येत नाही. आपल्याविषयी खरे बोलण्याची मोकळीक बाप मुलाला देऊ शकतो आणि तिच्यात विश्वास रुजला तर रुजतो. टिळकांनी तेवढे दिले. बाकीचे लक्ष्मीबाईंनी भरून काढले आणि ते आपण त्यांच्याच खात्यावर मांडले पाहिजे.

'स्मृतिचित्रे' पुन्हा हाती घ्याल तेव्हा टिळकांवर जरूर हसा. पण हसता हसता दत्तू कुठे आहे तेही पाहत जा. तो फारसा बोलत नाही. मुले बोलत नाहीत, पाहत असतात.