हसू कुठे थांबते : हलक्याफुलक्या प्रेमपटांविषयी काही विचार

दलित साहित्याच्या व्यासपीठावर चित्रपटाचा विषय निघाला की आपण बहुधा गंभीर चित्रपटांविषयीच बोलतो. अन्याय-अत्याचार दाखवणारा चित्रपट आपल्या चर्चेचा विषय होतो. प्रेमाच्या गमतीजमती सांगणारा आणि शेवटी लग्न लावून मोकळा होणारा चित्रपट मात्र पांढरपेशांच्या करमणुकीचा माल म्हणून आपण बाजूला सारतो; आणि घरी जाऊन तोच पाहतो. हे मी स्वतःला वगळून म्हणत नाही. ज्या गोष्टीला आपण पोट धरून हसतो तिची चिकित्सा करायची नाही, ही आपल्या समीक्षेतली एक पळवाट आहे असे मला वाटते.

गेल्या पावसाळ्यात आम्ही सहा मित्रमैत्रिणींनी दर शनिवारी रात्री एकत्र बसून असे चित्रपट पाहिले. तालुक्याच्या गावी माझी दोन खोल्यांची जागा आहे. भिंतीवर चादर ताणायची, कुणाच्या तरी ओळखीने आणलेला प्रोजेक्टर लावायचा, चहाचे पातेले चुलीवर ठेवायचे. आमच्यात एक बँकेतला कारकून, एक सरकारी दवाखान्यातली परिचारिका, एक वकील, एक जिल्हा परिषदेच्या शाळेतली शिक्षिका आणि एक एस.टी. डेपोतला मेकॅनिक. सहावा मी, कॉलेजात मराठी शिकवणारा. सहांपैकी पाच जण आपापल्या घरातले पहिले पदवीधर. मेकॅनिक आय.टी.आय. झालेला, आणि चित्रपटाची जाण आम्हां पाचांपेक्षा त्यालाच अधिक. आम्ही एक नियम केला होता. चित्रपट संपला की प्रत्येकाने सांगायचे, आपले हसू कुठे थांबले.

पहिल्या शनिवारी हृषीकेश मुखर्जींचा १९७५चा 'चुपके चुपके' लावला. वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापक परिमल त्रिपाठी नव्या लग्नाच्या उत्साहात बायकोच्या मेहुण्यांची फजिती करायला निघतो आणि त्यांच्याच घरी ड्रायव्हर होऊन राहतो. ड्रायव्हर अतिशुद्ध हिंदी बोलतो, घरधनी चक्रावतो. पुढे मेहुणी या ड्रायव्हरशी मोकळेपणाने वागताना दिसते आणि घराची झोप उडते. आम्ही खूप हसलो. चित्रपट संपल्यावर मेकॅनिक म्हणाला, "माझं हसू पहिल्याच ठिकाणी थांबलं. ड्रायव्हर शुद्ध बोलतो यात हसण्यासारखं काय आहे?" त्याचे वडील आयुष्यभर एका साहेबाची जीप चालवत होते. फावल्या वेळात गाडीतच बसून ते पुस्तके वाचत. साहेबांचे पाहुणे आले की साहेब कौतुकाने सांगत, "आमचा ड्रायव्हर वाचतो बरं का!" आणि पाहुणे हसत.

वकील मित्राने चित्रपटाची बाजू घेतली. त्याचे म्हणणे असे की, येथे थट्टा ड्रायव्हरची नसून शुद्ध भाषेचा सोस असलेल्या घरधन्याची आहे. ते खरेच आहे. हृषीकेश मुखर्जींचा विनोद दुष्ट नाही. तरीही मेकॅनिकचा प्रश्न शिल्लक राहतो. मेहुणी आणि ड्रायव्हर यांच्या जवळिकीने घरात जो हाहाकार होतो त्याला आपण निर्धास्तपणे हसू शकतो, कारण ड्रायव्हरच्या टोपीखाली प्राध्यापक आहे आणि प्राध्यापकाचे आडनाव त्रिपाठी आहे हे आपल्याला आधीच ठाऊक असते. शिवाय दोघांचे लग्नही झालेले आहे. त्या टोपीखाली खरोखरच ड्रायव्हर असता तर? तोच प्रसंग, तीच माणसे, तेच घर. पण त्या चित्रपटाला कुणी विनोदी म्हटले नसते.

या प्रश्नाने आमच्या पुढच्या सगळ्या शनिवारांना वळण लावले. या जातीच्या चित्रपटांचा सांगाडा जवळजवळ ठरलेला असतो. दोघांची ओळख होते. कुणीतरी काहीतरी लपवतो: नाव, नोकरी, लग्न, मिशी. लपवालपवीतून घोटाळे होतात. शेवटी पितळ उघडे पडते, थोडी रडारड होते, वडीलधारी माणसे क्षमा करतात आणि लग्न ठरते. सगळी मदार या पितळ उघडे पडण्यावर असते. उघडकीला आलेली गोष्ट निरुपद्रवी असली पाहिजे, ही या विनोदाची पहिली अट आहे. ती अट चित्रपट पाळत नसतो. चित्रपटातला समाज पाळत असतो.

'अशी ही बनवाबनवी' हा १९८८चा चित्रपट आमच्यापैकी प्रत्येकाला तोंडपाठ आहे. मराठी माणसाच्या तीन पिढ्या त्यावर हसत आल्या आहेत. त्याच्या मुळाशी असलेली अडचण काय? पुण्यात राहायला जागा मिळत नाही. हृषीकेश मुखर्जींच्याच १९६६च्या 'बीवी और मकान'मधून ही अडचण मराठीत आली. चार एकट्या पुरुषांना कुणी घर देत नाही, म्हणून दोघे बायकांची सोंगे घेतात आणि चौघे 'जोडप्यांनी' लीलाबाई काळभोरांकडे राहायला जातात. पुढे जे होते ते सर्वांना माहीत आहे. त्या रात्री आम्ही संवाद चित्रपटाच्या आधी म्हणत होतो. पण नियमाप्रमाणे माझी पाळी आली तेव्हा मला खोटे बोलवेना. माझे हसू घर शोधण्याच्या प्रसंगांत थांबत होते.

नोकरी लागली तेव्हा मी याच गावात खोली शोधत फिरलो होतो. एका घरमालकांनी नाव विचारले, मग आडनाव. आडनावावरून उलगडा होईना, तेव्हा गाव विचारले. मग गावात घर कोणत्या अंगाला, तेही विचारले. ते सांगितल्यावर त्यांना आठवले की खोली भाच्यासाठी ठेवलेली आहे. सात वर्षे झाली. जाता-येता ती खोली दिसते. भाचा अजून आलेला नाही.

बाबूराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा कथासंग्रह १९६३ साली आला. त्याच्या शीर्षककथेतला नायकही परक्या गावी नोकरीला जातो, त्यालाही जागा हवी असते, तोही काहीतरी लपवून जागा मिळवतो. कथानकाचा सांगाडा पाहिला तर बनवाबनवी तीच आहे. फक्त लपवलेली गोष्ट जात आहे. म्हणून पितळ उघडे पडते तेव्हा हशा होत नाही, मारहाण होते. त्याच्याही आधी, १९१७ साली, परदेशात शिकून आलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर बडोद्यात नोकरीवर रुजू झाले, तेव्हा त्यांना पारशी नाव घेऊन एका पारशी उतारगृहात राहावे लागले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेल्या पारशांचे टोळके दारात उभे राहिले. बाबासाहेबांनी ही हकीकत स्वतःच 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत लिहून ठेवली आहे. त्यात त्यांनी आपल्या दोन मित्रांविषयीही लिहिले आहे. एक हिंदू, एक ख्रिस्ती. दोघांनी सहानुभूती दाखवली, आणि दोघांनीही आपल्या घरात जागा देण्याचे टाळले. उच्च पदव्या मिळवलेला तो माणूस मुंबईची गाडी येईपर्यंत सार्वजनिक बागेत बसून राहिला.

हे वाचून कुणी म्हणेल, एका निर्मळ विनोदी चित्रपटाच्या मागे तुम्ही बडोद्याचे लचांड कशाला लावता? माझा त्या चित्रपटावर आरोप नाही. मी तो पुन्हा पाहीन आणि पुन्हा हसेन. माझे म्हणणे एवढेच की जागेसाठी सोंग घेणे हा एकाच देशातल्या दोन माणसांचा अनुभव असूनही एकाच्या वाट्याला त्यातून प्रहसन येते आणि दुसऱ्याच्या वाट्याला लाठी. हा फरक लेखकाच्या प्रतिभेचा नाही. समीक्षा ज्याला विनोदाची प्रसन्नता म्हणते तिच्याखाली कुणाची सुरक्षितता उभी आहे, हे पाहणे समीक्षेचेच काम आहे.

बासू चॅटर्जींच्या १९७६च्या 'छोटी सी बात'ने मात्र आमच्यात भांडण लावले. अमोल पालेकरांचा अरुण हा भित्रा कारकून बसथांब्यावर प्रभाला पाहतो, तिच्या मागे मागे जातो, बोलण्याचे धैर्य होत नाही. मग खंडाळ्याला एका कर्नलसाहेबांकडे जाऊन धीटपणाचे शिक्षण घेऊन येतो. बँकेतला मित्र म्हणाला, "याच्या भीतीवर खंडाळ्यात इलाज आहे. आपल्या पोरांच्या भीतीवर कुठला कर्नल इलाज करणार?" त्याचे म्हणणे आम्हां पुरुषांना पटले. अरुणची भीती हा स्वभावदोष आहे. आपल्या वस्तीतल्या पोराची भीती ही त्याला असलेली माहिती आहे. कुणाच्या मुलीकडे पाहिले तर काय होते हे त्याने ऐकलेले असते, कधी पाहिलेलेही असते.

तेव्हा परिचारिका मैत्रीण चिडली. "तुम्ही सगळे अरुणच्या भीतीवर बोलताय. प्रभाचं काय? मी रात्रपाळी करून एस.टी.नं घरी जाते. रोज एक माणूस मागं यायला लागला तर मी त्याला 'छोटी सी बात' म्हणू का?" आम्ही गप्प झालो. जातीच्या अंगाने चित्रपट तपासणारे आम्ही, बाईच्या अंगाने तो तपासायचा राहून गेला हे आमच्या लक्षातही आले नव्हते. गंमत अशी की आमच्या सर्वांत हा चित्रपट सर्वाधिक आवडला तो तिलाच. कारण विचारले तर म्हणाली, "प्रभा स्वतः कमावते. कुणाबरोबर जेवायला जायचं ते स्वतः ठरवते. तिला अरुण आवडतो तो तिचा तिला. असली बाई मला पडद्यावर पाहायला आवडते." एखाद्या कलाकृतीवर रागही असावा आणि तिच्यातले आपल्या उपयोगाचे आपण घ्यावेही, हे समीक्षेतले साधे तत्त्व तिने आम्हांला शिकवले.

शेवटच्या शनिवारी नागराज मंजुळे यांचा २०१६चा 'सैराट' लावला. तो प्रेमपट आहे पण हलकाफुलका नाही, अशी हरकत शिक्षिकेने घेतली. मी म्हटले, अर्धा आहे. पूर्वार्ध पाहा. विहिरीतली उडी, चिठ्ठ्या, चोरून पाहणे, आर्चीचे बुलेट चालवणे, आणि नायकासाठी जीव टाकणारे दोन मित्र, प्रदीप आणि सल्या. हलक्याफुलक्या प्रेमपटाचे सगळे साहित्य येथे आहे. प्रेक्षकही तसाच हसतो. मग पितळ उघडे पडते. पाटलांच्या घराला कळते, आणि चित्रपटाची जातच बदलते. नायकाच्या मित्रांना इतर चित्रपटांत चिठ्ठी पोचवण्याचे काम असते. येथे त्यांना मार खावा लागतो. मंजुळे यांचे मोठेपण असे की त्यांनी दोन प्रकारचे चित्रपट एकत्र शिवलेले नाहीत. जातीच्या समाजात पहिला प्रकार आपल्या वळणाने पुढे गेला की दुसरा कसा होतो, हे त्यांनी दाखवले.

चित्रपट संपला. रक्ताळलेल्या पावलांनी चालत जाणारे ते मूल पाहून कुणालाच बोलवेना. नियमाचा प्रश्न कुणी विचारला नाही. बऱ्याच वेळाने बँकेतला मित्र म्हणाला, "हा शेवट खोटा नाही. पण आपल्या प्रेमाला दर वेळी हाच शेवट का?" आणि मग त्याने जे दोन महिने सांगितले नव्हते ते सांगितले. तो एका मुलीशी लग्न करणार होता. मुलगी दुसऱ्या जातीची, जमीनजुमला असलेल्या घरातली. विशेष विवाह कायद्याखाली नोटीस दिलेली होती.

१९५४च्या या कायद्याने दोन सज्ञान माणसांना जात-धर्माच्या पलीकडे जाऊन लग्न करण्याची वाट दिली. पण त्या वाटेवर तीस दिवसांची नोटीस आहे, आणि ती नोटीस कार्यालयात ठळक जागी लावली जाते. ज्याला प्रेमपटात 'उघडकीला येणे' म्हणतात ते येथे सरकारी फळ्यावर टाचणीने लावलेले असते. बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिनिर्मूलना'त आंतरजातीय विवाह हाच जात मोडण्याचा खरा उपाय सांगितला. २०११-१२च्या भारत मानव विकास सर्वेक्षणात असे विवाह शेकडा पाचच्या आसपास निघाले. हा आकडा इतका लहान का, हे त्या फळ्यासमोर उभे राहिल्यावर कळते.

त्यानंतरच्या दिवसांत आम्ही एकही चित्रपट पाहिला नाही. मुलीला शिक्षिकेने आपल्या घरी ठेवून घेतले. वकील मित्राने पोलीस ठाण्यात अर्ज दिला. मेकॅनिक रोज संध्याकाळी बँकेच्या दारात उभा राहायचा. फोन आले, धमक्या आल्या, मुलीचा मामा येऊन रडून गेला. तिसाव्या दिवसानंतर आम्ही कार्यालयात गेलो. कायद्याला तीन साक्षीदार लागतात. परिचारिका, मेकॅनिक आणि मी. मेकॅनिकचा हात इतका थरथरत होता की त्याने सही केली ती नवऱ्याच्या जागेवर. कारकुनाने चष्म्यावरून पाहिले आणि विचारले, "नवरा नेमका कोण?" नवरी आधी हसली. मग आम्ही सगळे हसलो, कारकूनही हसला, आणि नवा कागद काढावा लागला.

धोका संपला असे मी म्हणणार नाही. दोघे आता दुसऱ्या शहरात आहेत आणि तेथे त्यांना खोली मिळवताना पुन्हा तेच प्रश्न विचारले गेले. पण त्या कार्यालयातले हसू मी आमच्या चर्चेत नोंदवून ठेवतो आहे. प्रस्थापितांचा विनोद सगळे ठीक असल्याच्या खात्रीतून येतो. तीस दिवस एकमेकांची राखण केलेल्या माणसांना हसू फुटते ते वेगळ्या ठिकाणाहून. आपल्या साहित्याने वेदना लिहिली, नकार लिहिला, विद्रोह लिहिला. ते आवश्यक होते आणि आजही आहे. परंतु चुकीच्या जागी सही करणारा तो साक्षीदार आपल्या कथेत, नाटकात, चित्रपटात मला फारसा भेटलेला नाही. तो लिहिणे म्हणजे दुःखाशी गद्दारी, असे आपल्यातल्या काहींना वाटते. मला तसे वाटत नाही. आपल्या मुलामुलींनी प्रेम करावे, त्यात घोटाळे व्हावेत, ते उघडकीला यावेत आणि कुणाचा जीव जाऊ नये, ही मागणीही चळवळीचीच मागणी आहे. ती कुणीतरी लिहावी. पुढच्या पावसाळ्यात शनिवार पुन्हा सुरू करायचा विचार आहे; चादर माझ्याकडेच आहे.