मिंट्झबर्ग यांचे पाच साहेब आणि ऊसतोडीचा मुकादम

‘व्यवस्थापकांचा संवाद आणि कामाच्या ठिकाणचे संबंध’ असा विषय घेऊन सिनॉप्सिस लिहायला बसलात, की हेन्री मिंट्झबर्ग हे नाव लवकरच समोर येतं. ‘द नेचर ऑफ मॅनेजेरियल वर्क’ हे त्यांचं पुस्तक १९७३ चं. मूळ काम त्यांच्या पीएच.डी.चं, म्हणजे तेव्हा तेही तुमच्या-आमच्यासारखेच संशोधक विद्यार्थी होते. हे पुस्तक जरूर वाचा, पण वाचताना काही प्रश्न विचारा.

आधी त्यांनी केलं काय ते बघू. पाच संस्थांचे प्रमुख निवडले आणि प्रत्येकाच्या सोबत एकेक आठवडा राहून तो काय करतो हे टिपलं. त्यात असं दिसलं, की या प्रमुखांचा ७८ टक्के वेळ बोलण्यात जातो आणि निम्मी कामं नऊ मिनिटांच्या आत उरकतात. नियोजन, संघटन, नियंत्रण अशी फेयोल यांच्यापासून चालत आलेली यादी आपण पाठ करतो. प्रत्यक्षात व्यवस्थापक दिवसभर माणसांशी बोलत असतो. लोकांना विचारण्यापेक्षा शेजारी बसून पाहिलं, ही या अभ्यासाची खरी ताकद.

आता मर्यादा. पाचही जण सर्वोच्च पदावरचे. आणि त्यांनी मोजला तो वेळ. नऊ मिनिटांच्या बोलण्यात कोण बसलं होतं, कोण उभं होतं, कोणाला ‘नाही’ म्हणता आलं असतं, हे मिनिटांवरून कळत नाही. बोलणं झालं म्हणजे संबंध जुळला, असं धरून चालता येणार नाही.

हे आपल्या जिल्ह्यात लावून बघा. परभणीत गंगाखेड, पाथरी, सोनपेठ या गोदाकाठच्या तालुक्यांत ऊस आहे, साखर कारखानेही आहेत. कोणत्या शेतात कधी तोड द्यायची, हे कारखान्याचा शेती विभाग ठरवतो. म्हणजे शेतकी अधिकारी हा व्यवस्थापक. पण तो बोलतो प्रामुख्याने मुकादमाशी. टोळी जमवतो मुकादम, हंगामाआधी उचल देतो मुकादम, फडावर वाद झाला तर मिटवतोही तोच. तोडणाऱ्या मजुराशी अधिकाऱ्याचं बोलणं मिनिटांत मोजलं तर जवळपास शून्य भरेल. तरी त्याच्या एका निर्णयावर टोळीचा अख्खा दिवस अवलंबून असतो, आणि टोळी आली नाही तर कारखान्याचं गाळप अडतं. सहकार्य आहेच, पण ते तिसऱ्या माणसाच्या हातून चालतं.

दुसरं लोकप्रिय साधन म्हणजे एलएमएक्स-७. १९७५ च्या सुमारास डॅन्सेरो, ग्रेन आणि हागा यांनी वरिष्ठ आणि कनिष्ठ अशा जोडीवर जो विचार मांडला, त्यातून पुढे आलेली ही सात प्रश्नांची प्रश्नावली. तिचा आशय साधारण असा: वरिष्ठाला तुमच्या अडचणी कळतात का, तो पाठीशी उभा राहील का. आता ती मराठीत करून फडावर नेली, तर मजूर ‘वरिष्ठ’ म्हणून कोणाला धरणार? अधिकाऱ्याला, मुकादमाला की वाहतूकदाराला? एकाने एकाला धरलं, दुसऱ्याने दुसऱ्याला, की तुमची सरासरी कोणाबद्दलच काही सांगत नाही. एसपीएसएस मात्र बिनतक्रार आकडा देईल.

त्यात आणखी एक गोष्ट सुटते. ‘कोयता’ म्हणजे बहुधा नवरा-बायकोची जोडी. दोघं मिळून हिशोबात एक. उचलीचं बोलणं पुरुषाशी होतं. मग बाईचे कामाचे संबंध कोणाशी, हे जोडीवर उभारलेला सिद्धांत विचारतच नाही.

मग करायचं काय? मिंट्झबर्ग यांचं निरीक्षण घ्या, पण खालच्या टोकापासूनही बघा. अधिकाऱ्यासोबत एक दिवस राहिलात, तर मुकादमासोबत आणि टोळीसोबतही एकेक दिवस राहा. वहीत वेळेबरोबर संबोधनही लिहा. १९६० मध्ये ब्राउन आणि गिलमन यांनी सर्वनामांतून सत्ता आणि जवळीक कशी दिसते, हे मांडलं होतं. आपल्याकडे तर ‘तू’, ‘तुम्ही’, ‘साहेब’, ‘मामा’, ‘भाऊ’ असा खजिनाच आहे. कोण कोणाला ‘अरे’ म्हणतो आणि उलट काय ऐकतो, ही पक्की सामग्री आहे. प्रश्नावली वापरणारच असाल, तर ‘वरिष्ठ’ कोण ते प्रत्येक प्रश्नात स्पष्ट लिहा आणि आधी दहा जणांवर तपासून घ्या.

शेवटचं, आणि हे सिनॉप्सिसच्या नैतिकतेच्या रकान्यात दोन ओळी टाकून भागणारं नाही. मुकादमासमोर मजुराची मुलाखत घेऊ नका. नाव, गाव, टोळी वहीत ओळखू येईल असं ठेवू नका. तुमचा प्रबंध तीन-चार वर्षांत जमा होईल. त्याला पुढच्या हंगामात पुन्हा त्याच माणसाकडून उचल घ्यायची असते.