हाका कोणी घातला? गोरेगाव परिसरातील घरगुती शिकारकथा

‘हाका झाला, वाघ उठला, आजोबांनी बार टाकला.’ गोरेगाव तालुक्यातल्या जुन्या मालगुजारी घरांत सांगितली जाणारी शिकारीची गोष्ट बहुधा या तीन वाक्यांच्या चालीने जाते. तिसऱ्या वाक्यात आजोबा आहेत, दुसऱ्यात वाघ आहे. पहिल्यात मात्र माणूसच नाही. हाका आपोआप होत नाही. पंचवीस-तीस माणसे ढोल-डबे वाजवत रान उठवतात. काही जण दोन्ही बाजूंच्या झाडांवर बसून खोडावर ठोके देतात आणि जनावर मचाणाकडे वळवतात. जखमी वाघ मागे फिरला तर तो प्रथम त्यांच्यावरच येतो. तरी गोष्टीत त्यांना नाव नाही.

या कथांना आपण ‘शिकाऱ्याच्या थापा’ म्हणून बाजूला ठेवतो. वाघाची लांबी दर पिढीत वाढते, हे खरेच. पण मोजायचे ते वाघाचे शेपूट नव्हे. कथेतला ‘आमचे रान’ हा शब्द पाहा. मध्य प्रांतात 1860च्या दशकातील जमाबंदीने मालगुजाराला गावाची मालकी मिळाली आणि तिच्यासोबत गावरानही आले. कुळांकडे निस्ताराचे हक्क राहिले. 1950च्या कायद्याने ही मालकी संपली, 1951पासून रान सरकारचे झाले. 1970मध्ये नागझिरा अभयारण्य झाले, 1972मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा आला. म्हणून ‘आमचे रान’, ‘परवाना काढला होता’ आणि ‘तेव्हा बंदी नव्हती’ हे तीन शब्दप्रयोग म्हणजे कथेच्या अंगावरचे तीन थर आहेत. शेवटचा प्रयोग सर्वांत नवा. त्यात फुशारकीला प्रथमच सफाईची जोड मिळते.

हा कर्तालोप मालगुजारांनीच शोधला असे नव्हे. जेम्स फोर्सिथच्या 1871च्या ‘हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया’पासून इंग्रज शिकाऱ्यांच्या पुस्तकांत गोंड वाटाड्या भेटतो, पण बहुधा साहेबाच्या नजरेतून. बंदूक ज्याची, कथन त्याचे, हा रिवाज बंगल्यावरून वाड्यावर आला असावा.

मराठी साहित्याने पुढे वेगळी वाट धरली. व्यंकटेश माडगूळकरांचे ‘नागझिरा’ आणि मारुती चितमपल्लींचे नवेगावबांधविषयीचे लेखन यांत रानाकडे पाहणारा माणूस बंदूक खाली ठेवून बसलेला आहे. ही दृष्टी मोलाचीच. पण तिच्या प्रभावाखाली घरगुती शिकारकथा आपल्याला अडचणीची वाटू लागली आणि ती नोंदवायची राहिली. ती पुसली तर मालगुजाराची बढाई जाईल. तिच्यासोबत हाकेवाल्याचा उरलासुरला मागही जाईल.

कारण त्याच शिकारीची दुसरी गोष्ट टोल्यांवर, धानाच्या बांधीवर सांगितली जाते. तिथे आरंभ बाराने होत नाही. ‘रोवणा अर्धा टाकून जावे लागले’ असा तो होतो. डुकरांनी उभे धान तुडवले, माळ्यावर रात्री जागून काढल्या, मग बोलावणे आले; नाही म्हणता येत नव्हते. वाघापेक्षा सांबराच्या वाट्याची आठवण अधिक नेमकी असते: कोणाला मांडी मिळाली, कोणाला नुसती हाडे. या गोष्टीत शौर्य कमी आहे, हिशेब जास्त आहे. आणि हाक्यातल्या माणसांना इथे नावे आहेत.

दोन्ही कथा शेजारी ठेवल्याखेरीज एकही पुरती कळत नाही. पहिलीत पराक्रम आहे पण वेठ दिसत नाही. दुसरीत वेठ आहे, आणि शिकार संपल्यावर रानातला निस्तारही कसा आकसत गेला याची खंत आहे. संरक्षणाने वाघ वाचला, हे मान्य करूनही ती खंत ऐकावी लागते.

1951 साली वीस वर्षांचा असलेला माणूस आज नव्वदी ओलांडून गेला आहे. म्हणून वाड्यातल्या भिंतीवरच्या शिंगांखाली बसून गोष्ट लिहून घेणाऱ्याने एक प्रश्न जरूर विचारावा: हाका कोणी घातला? उत्तर तिथे मिळाले नाही, तर उठून टोल्यावर जावे.