झोपलेला कप्तान

२४ ऑगस्ट १९७१ ला गणेश चतुर्थी होती. बुलढाणा जिल्ह्यातल्या आमच्या चिखलीच्या घरी दुपारीच तळणीचे मोदक खाऊन सगळे सुस्तावले होते. काका मात्र ट्रान्झिस्टर कानाला लावून ओसरीवर बसले होते. इंग्रजी समालोचनातलं निम्मं त्यांना कळत नसे आणि उरलेलं खरखरीत बुडत असे. तरी दिवेलागणीच्या सुमारास ते एकदम उठून उभे राहिले. ओव्हलवर आबिद अलीचा चौकार सीमेपार गेला होता. इंग्लंडमध्ये भारताने पहिल्यांदाच मालिका जिंकली होती. त्या सामन्यात लंडनच्या हितचिंतकांनी चतुर्थीच्या निमित्ताने बेला नावाची हत्तीण मैदानावर फिरवली, ही बातमी आम्हाला नंतर कळली आणि सामन्याहून जास्त आवडली.

त्याहूनही नंतर कळलेली गोष्ट काकांनी अशी सांगितली : “अबे पोट्टेहो, भारत जिंकला तेव्हा कप्तान झोपला होता म्हणतात!”

अजित वाडेकरांच्या कारकिर्दीचा विचार करताना मी नेहमी या झोपेपासून सुरुवात करतो. विजयासाठी १७३ धावा हव्या होत्या. शेवटच्या दिवशी सकाळी वाडेकर आदल्या दिवशीच्या ४५ धावांवरच धावबाद झाले. दुसऱ्या एखाद्या कप्तानाने ड्रेसिंग रूमच्या खिडकीत उभं राहून नखं खाल्ली असती. हे आत जाऊन आडवे झाले. आपण जिंकलो हे सांगायला इंग्लंडच्या केन बॅरिंग्टनने त्यांना उठवलं. या किश्श्यावर लोक हसतात. मला त्यात कामाची एक रीत दिसते. आदल्या दिवशी चंद्रशेखरने ३८ धावांत सहा बळी घेऊन इंग्लंडला १०१ धावांत गुंडाळलं, तिथेच कप्तानाचं काम झालं होतं. उरलेलं फलंदाजांचं होतं, आणि ते फलंदाजांवर सोडता येणं ही साधी गोष्ट नाही.

वाडेकर या खेळात आले तेही कुणाच्या तरी सांगण्यावरून. गणितात हुशार असलेल्या या मुलाला इंजिनिअर व्हायचं होतं. बाळू गुप्तेंनी कॉलेजच्या संघात बारावा खेळाडू म्हणून बोलावलं, दिवसाला तीन रुपये मिळतील म्हणाले, म्हणून गडी गेला. पुढे प्रथम श्रेणीत पंधरा हजारांवर धावा, म्हैसूरविरुद्ध ३२३, आणि कसोटीत एकच शतक, १९६८ मध्ये वेलिंग्टनला १४३. आकडे असे झरझर सांगून टाकलेले बरे. वाडेकरांचा खरा रस आकड्यांत नाही.

१९७१ च्या जानेवारीत निवड समितीची मतं समसमान पडली आणि अध्यक्ष विजय मर्चंट यांच्या निर्णायक मताने पतौडींचं कप्तानपद वाडेकरांकडे आलं. नवाबाच्या जागी स्टेट बँकेतला नोकरदार! वेस्ट इंडीजला जाणाऱ्या या संघाकडून फार कुणाच्या अपेक्षा नव्हत्या, कारण तोवर वेस्ट इंडीजला आपण एकाही कसोटीत हरवलं नव्हतं.

किंग्स्टनचा पहिला दिवस पावसात गेला. मग भारताची अवस्था ५ बाद ७५. तिथून मडगावच्या दिलीप सरदेसाईंनी २१२ काढले, एकनाथ सोलकरांनी ६१ धावांची साथ दिली आणि डाव ३८७ वर गेला. वेस्ट इंडीज २१७. आघाडी १७०. पाच दिवसांच्या कसोटीत फॉलोऑन द्यायला दोनशेची आघाडी लागते. पण पहिला दिवस वाया गेल्यावर सामना चार दिवसांचा धरतात आणि दीडशे पुरतात. नियमाच्या पुस्तकातली ही बारीक ओळ वाडेकरांना आठवत होती. ते यजमानांच्या खोलीत गेले आणि त्यांनी यजमान कप्तान सोबर्सना शांतपणे सांगितलं की पुन्हा फलंदाजी तुमचीच. सोबर्स चकित झाले. सामना अनिर्णितच राहिला, सोबर्स आणि कन्हाय यांनी तो वाचवला. पण दार ठोठावण्याच्या त्या कृतीने मालिकेचा सूर बदलला असं मला वाटतं. आवाज न चढवता केलेला तो अपमान होता, आणि नियमात बसणारा!

त्याच मालिकेत पोर्ट ऑफ स्पेनला काम दुसऱ्यावर सोडण्याची तीच रीत दिसते. दुसऱ्या डावात चेंडू सलीम दुराणींच्या हाती दिला. दुराणी म्हणजे मर्जीचा माणूस, लागला तर सूर, नाही तर काहीच नाही. त्या दिवशी सूर लागला. सोबर्स शून्यावर त्रिफळाचीत आणि लॉइड झेलबाद. झेल घेतला खुद्द वाडेकरांनी.

टीकाकार म्हणतात, वाडेकर नशीबवान होते : गावसकरांच्या ७७४ धावा, बेदी, प्रसन्ना, वेंकट, चंद्रा आणि जवळ उभा सोलकर. खरं आहे. पण भरलेलं ताट पुढे आलं तरी काय कधी खायचं हे कळावं लागतं.

याच स्वभावाची दुसरी बाजू १९७४ मध्ये उघडी पडली. इंग्लंडमध्ये ०-३, लॉर्ड्सवर सर्वबाद ४२, आणि संघात कुरबुरी. एकजूट असलेल्या संघावर विश्वास टाकून झोपता येतं, फुटलेल्या संघावर नाही. तिथे कुणीतरी आवाज चढवायला हवा होता, आणि हा माणूस आवाज चढवणारा नव्हता. इंदूरला १९७१ च्या विजयाचं स्मारक म्हणून उभी केलेली भली मोठी बॅट लोकांनी विद्रूप केली. पश्चिम विभागाच्या संघातून वगळल्यावर वाडेकरांनी खेळणं थांबवलं.

पुढे नव्वदच्या दशकात ते संघाचे व्यवस्थापक झाले. मायदेशी फिरकीला साथ देणाऱ्या खेळपट्ट्या आणि कुंबळे, राजू, चौहान हे त्रिकूट घेऊन १९९३ मध्ये इंग्लंडला ३-० हरवलं. हे हिशेबी काम होतं. मला मात्र २७ मार्च १९९४ चं ऑकलंड जास्त मोलाचं वाटतं. सिद्धूची मान आखडली होती. सचिन तेंडुलकर सलामीला जाऊ द्या म्हणून अझरुद्दीन आणि वाडेकरांच्या मागे लागला. वाडेकरांनी होकार दिला. ४९ चेंडूंत ८२. पुढचं सगळ्यांना माहीत आहे. वीस वर्षांच्या पोराची विनवणी ऐकून मागे सरणारा हा व्यवस्थापक म्हणजे ओव्हलवर आडवा झालेला कप्तानच.

१९९६ च्या विश्वचषकात ईडन गार्डन्सवर मात्र पुन्हा १९७४ झालं. १ बाद ९८ वरून ८ बाद १२०, आणि मग बाटल्या, जाळपोळ. पुढे ते निवड समितीचे अध्यक्षही झाले. म्हणजे ज्या खुर्चीवरून मर्चंटांनी त्यांना कप्तान केलं, तिच्यावर ते बसले. त्या काळाबद्दल फार सांगण्यासारखं मला वाटत नाही. बंद खोलीतल्या मतांना मैदानाचा रस नसतो.

१५ ऑगस्ट २०१८ ला वाडेकर गेले. काका त्याआधीच गेले होते. झोपेची गोष्ट पहिल्यांदा आम्हाला त्यांनीच सांगितली, पण म्हातारपणी तीच त्यांना पटेनाशी झाली होती. स्लिपमध्ये उभा राहणारा माणूस असा झोपेल कसा, म्हणायचे. डोळे मिटून पडला असेल, टाळ्या मोजत.