मुखपृष्ठांचे संग्राहक

जुन्या मराठी मासिकांचे व दिवाळी अंकांचे गठ्ठे केवळ मुखपृष्ठांसाठीं धुंडाळणारा एक रसिकवर्ग आपल्यांत तयार झाला आहे. रद्दीवाल्याच्या तराजूंत पडणारा अंक त्यामुळें वांचतो, हें आम्हांस आनंदाचेंच वाटतें. परंतु अंक राखणें आणि त्याचें मुखपृष्ठ राखणें या दोन गोष्टी एक नव्हेत. अनेकजण आवडतें चित्र कापून चौकटींत बसवितात व उरलेला अंक टाकून देतात. आमची तक्रार आहे ती याविषयीं.

अर्थात् पहिला अपराध त्यांचा नव्हे. वर्षाचे अंक एकत्र बांधतांना मुखपृष्ठें व जाहिरातींचीं पानें काढून टाकण्याचा प्रघात ग्रंथालयांतून फार दिवस चालला. मजकूर तेवढा गर, बाकी सारें सालपट! काशीनाथ रघुनाथ मित्र यांनीं १८९५ सालीं 'मनोरंजन' काढलें, १९०९ सालीं त्याचा दिवाळी अंक काढून एक परंपराच सुरू केली. त्या मासिकाचा सुटा अंक मुखपृष्ठासकट हातीं येणें आज भाग्याचें समजावें. ग्रंथालयांनीं चित्र टाकून मजकूर ठेवला, हे संग्राहक मजकूर टाकून चित्र ठेवतात, दृष्टि एकच.

दीनानाथ दलालांचेंच उदाहरण घेऊं. मडगांवीं १९१६ सालीं जन्मलेल्या या चित्रकारानें १९४५ सालीं 'दीपावली' सुरू केलें, आणि १९७१ सालीं मृत्यु येईपर्यंत असंख्य मुखपृष्ठें रंगविलीं. त्यांच्या चित्रांतील ठाम रेषा आणि सपाट, निवडक रंग हे निव्वळ हौसेचे नव्हेत; चित्र ठशांवरून छापलें जाणार, दुकानांत दोरीवर टांगलें जाणार, आणि त्याच्या माथ्यावर अंकाचें नांव यावयाचें, हें सारें त्यांनीं आधींच हिशेबांत धरलेलें असतें. नांव कापून टाकलें कीं वरची जागा उगीच मोकळी राहिल्यासारखी वाटते, आणि पाहणारा दोष मात्र चित्रकाराच्या माथीं मारतो.

रघुवीर मुळगांवकरांचीं चित्रें चौकटींत अधिक खुलतात, हें आम्ही मान्य करतों. रंगाच्या फवाऱ्यानें आणलेली ती मऊ कांति आणि त्या तेजस्वी देवता दिनदर्शिकेवरही तितक्याच शोभल्या. पण म्हणूनच, केवळ मुखपृष्ठकार या नात्यानें, आम्ही दलालांस वरची पायरी देतों. लोकप्रियतेचा कौल कदाचित् उलट पडेल, पडो.

आणि मधुकर पाटकरांच्या 'आवाज'मधील खिडकी-चित्रांचें काय करावयाचें? तेथें एका पानाच्या खिडकींतून दिसणारा भाग पुढच्या पानावरील चित्राचा असतो. पान उलटतांच भलतेंच दृश्य समोर येतें, आणि सगळा विनोद त्या उलटण्यांत आहे. असें पान कापून भिंतीवर लावणें म्हणजे कोट्याचा पहिला अर्धाच सांगून गप्प बसणें.

हाजी महंमद अलारखिया यांनीं १९१६ सालीं मुंबईंत काढलेल्या 'वीसमी सदी' या गुजराती मासिकास आमच्या धुरंधरांचींही चित्रें लाभलीं होतीं. त्याचे अंक आज महाजालावर कोणासही चाळतां येतात. मराठींत असें काम होईपर्यंत घरच्या संग्राहकांनींच अंक सांभाळावयाचे आहेत. गंजलेल्या तारा काढून अंक दोऱ्यानें शिवावा, मलपृष्ठावरील साबणाची जाहिरातही राहूं द्यावी. भिंतीची हौस चांगल्या रंगीत प्रतीवर भागते.