मजुरीचा हिशेब आणि मजुराचें भय

परदेशी मजुरांमुळें देशी मजुरांची मजुरी उतरते काय, या अमेरिकेंतील जुन्या वादावर हार्वर्डचे प्राध्यापक जॉर्ज बोर्हास यांनीं ‘वुई वॉन्टेड वर्कर्स’ (२०१६) हा ग्रंथ लिहिला. ते स्वतः १९६२ सालीं क्यूबाहून आलेले. तेव्हां परक्यांच्या द्वेषाचा आरोप त्यांजवर सहसा करतां येणार नाहीं. १९८० सालीं सुमारें सव्वा लाख क्यूबन फ्लॉरिडांत उतरले. मायामींतील मजुरीवर त्याचा म्हणण्यासारखा परिणाम झाला नाहीं, असें डेव्हिड कार्ड यांनीं १९९० मध्यें दाखविलें होतें. शालेय शिक्षण अपुरें राहिलेल्यांचे आंकडे वेगळे काढून बोर्हास यांना मात्र मोठी घट आढळते. सरासरींत दुबळ्याचें नुकसान दडतें, हा त्यांचा मुद्दा मार्मिक आहे. पण नमुन्यांतील माणसें फार थोडीं, हा आक्षेपहि तितकाच सबळ आहे.

आमचा आक्षेप निराळा. त्या क्यूबनांना राहण्याची मुभा मिळाली होती. बिनपरवाना मजुराला हद्दपारीचें भय असतें. कमी मजुरीची दाद तो मागणार कोठें? त्याचें हें मौनच मालकाच्या पथ्यावर पडतें. मजुराचा तोटा तो मालकाचा नफा, हें ग्रंथकारहि जाणतात. मग हिशेब केवळ डोक्यांचा कां? परक्याला निर्भय करण्यांतच देशी मजुराचें हित असूं शकेल, या शक्यतेचा या विद्वत्तापूर्ण ग्रंथांत पुरेसा विचार झालेला आम्हांस वाटत नाहीं.